चितवनला एक रात्र पुरत नाही : नेपाळच्या सहली नेणाऱ्या पर्यटन संस्थांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातून नेपाळच्या सहली नेणाऱ्या सर्व पर्यटन संस्थांचे संचालक आणि सहल व्यवस्थापक यांस

विषय : चितवन राष्ट्रीय उद्यानातील मुक्कामाची फेरआखणी करण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

काठमांडू, मनकामना, पोखरा, क्वचित मुक्तिनाथ किंवा लुंबिनी, आणि या सगळ्यांच्या मध्ये कुठेतरी ‘चितवन जंगल सफारी, एक मुक्काम’, अशी आपल्या बहुतेक नेपाळ सहलींची आखणी असते. पशुपतिनाथाचे दर्शन किंवा फेवा तलावातली होडी यांबद्दल मला काही सुचवायचे नाही. पंचवीस-तीस माणसांचा गट, त्यातली निम्मी साठीच्या पुढची, परमुलखात वेळच्या वेळी खाऊपिऊ घालून सुखरूप परत आणणे किती जिकिरीचे असते याची मला कल्पना आहे. हे पत्र केवळ त्या एका मुक्कामाविषयी आहे, कारण तो आज ज्या रीतीने उरकला जातो त्यात प्रवासी चितवनचे पैसे भरतो, चितवन पाहिल्याचे समाधान घेऊन घरी येतो आणि पुष्कळदा त्या उद्यानाच्या हद्दीत त्याचे पाऊलही पडलेले नसते.

ओळखीतले कोणी नेपाळहून परतले की मी चितवनबद्दल हटकून विचारते. उत्तरात हत्तीवर बसल्याचे फोटो येतात, तिथल्या थारू या स्थानिक आदिवासी समाजाचा काठ्यांचा नाच येतो, हॉटेलच्या जेवणाची तारीफ येते. गेंडा दिसला का, असे विचारले तर ‘हो, लांबून एक दिसला’ असे सांगून गाडी पुन्हा पोखऱ्याकडे वळते. यात प्रवाशांचा दोष नाही. सकाळी काठमांडूहून निघालेली बस मुग्लिंग, नारायणघाट करत दुपारी तीनच्या सुमारास उद्यानालगतच्या सौराहा गावाला पोहोचते आणि जेवण उरकेपर्यंत चार वाजतात. मग हत्ती प्रजनन केंद्राला धावती भेट, राप्ती नदीच्या काठी सूर्यास्त, रात्री नाच. दुसऱ्या दिवशी उजाडताच अर्ध्या-पाऊण तासाची होडी, त्यानंतर हत्तीवरची किंवा जीपमधली फेरी, आणि अकरा वाजता सामान पुन्हा बसच्या टपावर. यातली हत्तीवरची फेरी, आणि गटांसाठी ठरवल्या जाणाऱ्या जीपच्या अनेक फेऱ्यासुद्धा, बाघमारा, कुम्रोज यांसारख्या सामुदायिक वनांत होतात. ही वने उद्यानाभोवतीच्या बफर क्षेत्रातली, गावकऱ्यांनी राखलेली आहेत. त्यांत गेंडे असतात, हरणे असतात, आणि बाघमारा तर उजाड झालेल्या जमिनीवर झाडे लावून गावाने उभे केलेले जंगल आहे, म्हणून त्यांना कमी लेखण्याचे काहीच कारण नाही. परंतु सामुदायिक वनातल्या दीड तासाच्या फेरीला माहितीपत्रकात ‘राष्ट्रीय उद्यानात सफारी’ म्हणणे हे ग्राहकाला अंधारात ठेवणे आहे, आणि आपल्यापैकी कोणी जाणूनबुजून तसे करत असेल असे मला वाटत नसल्यामुळेच हे जाहीरपणे लिहीत आहे.

आपल्या सहल व्यवस्थापकांनी बसमध्ये ध्वनिक्षेपकावरून सांगण्याजोगे चितवनचे पुष्कळ आहे. सध्या मात्र तो वेळ बहुधा अंताक्षरीत जातो. ९५० चौरस किलोमीटरहून थोडे अधिक क्षेत्र असलेले हे उद्यान १९७३ मध्ये स्थापन झाले. ते नेपाळचे पहिले राष्ट्रीय उद्यान. त्याआधी हा राणा घराण्याचा शिकारीचा मुलूख होता. दिल्ली दरबार आटोपून १९११ च्या डिसेंबरात पंचम जॉर्ज येथे शिकारीला आला, तेव्हा थोड्याच दिवसांत त्याच्या लवाजम्याने ३९ वाघ आणि १८ गेंडे मारले. एवढ्या शिकारी होऊनही जंगल टिकले, कारण तराईतल्या, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सखल पट्ट्यातल्या, हिवतापामुळे थारूंव्यतिरिक्त तेथे राहण्यास फारसे कोणी धजत नसे. १९५० च्या दशकात डीडीटीची फवारणी झाली, हिवताप ओसरला, डोंगराळ भागातली माणसे शेतीसाठी राप्तीच्या खोऱ्यात उतरली आणि वीस वर्षांच्या आत जंगलाचा मोठा भाग नांगराखाली गेला. साठचे दशक संपता संपता येथे जेमतेम शंभराच्या आसपास गेंडे उरले होते. त्याआधीच १९६१ मध्ये ‘गैंडा गस्ती’ हे खास पहारा पथक नेमावे लागले, पुढे उद्यान झाले, १९७५ पासून राखणीला नेपाळी सेना आली आणि १९८४ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा यादीत चितवनचे नाव घातले. माओवादी संघर्षाच्या काळात जंगलातल्या चौक्या कमी झाल्या तेव्हा चोरटी शिकार पुन्हा बोकाळली होती. त्यातून सावरून २०११ या वर्षात नेपाळमध्ये एकाही गेंड्याची शिकार झाली नाही. २०२१ च्या गणनेत साऱ्या नेपाळात ७५२ गेंडे मोजले गेले आणि त्यांतले ६९४ एकट्या चितवनात होते. आपला प्रवासी ‘लांबून एक दिसला’ म्हणतो तो या ६९४ पैकी एक असतो, आणि हा आकडा त्याला कोणी सांगितलेलाच नसतो.

या यशाची किंमत स्थानिकांनी मोजली आहे, हेही सांगितले पाहिजे. उद्यानाच्या आत असलेले पदमपूर गाव उठवून बाहेर वसवण्यात आले. बोटे, माझी आणि मुसहर समाजांचे जगणे पिढ्यान्‌पिढ्या राप्ती आणि नारायणी या नद्यांवर, मासेमारीवर आणि नावांवर चालत आले होते. त्यांच्यावर निर्बंध आले. आजही रात्री गेंडा भातशेतीत शिरतो आणि गवत आणायला गेलेली बाई कधी कधी परत येत नाही. १९९६ मध्ये बफर क्षेत्र जाहीर झाले आणि उद्यानाच्या उत्पन्नातला तीस ते पन्नास टक्के वाटा भोवतीच्या गावांच्या कामांसाठी देण्याचा नियम झाला. म्हणजे आपल्या प्रवाशाने उद्यानात घालवलेला प्रत्येक जादा दिवस त्या तिजोरीत भर घालतो. सार्क देशांतल्या नागरिकांना प्रवेश शुल्कात सवलत असल्यामुळे तो आपल्या माणसाला इतर परदेशी पर्यटकांच्या मानाने स्वस्तही पडतो.

आता हत्तीच्या फेरीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या जाहिरातींमध्ये मुख्य छायाचित्र तिचेच असते. हत्तीच्या पाठीवर लाकडी चौकट आवळून बांधतात, तिच्या चारही कोपऱ्यांत खांबाच्या दोन्ही बाजूंना पाय सोडून एकेक प्रवासी बसतो आणि माहूत मानेवर. हत्तीचा कणा रुंद आणि भक्कम दिसत असला तरी मणक्यांची टोके वरच्या बाजूला उचललेली असतात आणि चौकटीचा भार त्यांवर येतो. हंगामात एकाच हत्तीला दिवसातून अनेक फेऱ्या कराव्या लागतात. फेरी संपली की पायात साखळी. चितवनच्या पाळीव हत्तींमध्ये क्षयरोगही आढळलेला आहे. पूर्वी उंच गवतात गेंड्याजवळ जाण्याचा दुसरा सुरक्षित मार्ग नव्हता, त्यामुळे ही प्रथा पडली हे मान्य. आज ती केवळ फोटोसाठी चालू आहे.

तेथील हत्तींना दुसरे, खऱ्या उपयोगाचे काम आहे आणि ते पाहण्यासारखे आहे. सरकारी हत्तीसारांतले, म्हणजे हत्ती ठेवण्याच्या तळांवरचे, हत्ती गस्तीला जातात, १९८६ पासून चितवनातले गेंडे पश्चिम नेपाळातल्या बर्दिया उद्यानात हलवण्याच्या मोहिमांत ते राबले, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये राप्तीला पूर येऊन सौराहाची हॉटेले पाण्यात गेली तेव्हा अडकलेल्या पर्यटकांना याच भागातल्या हत्तींच्या पाठीवरून बाहेर काढले गेले. त्या पुरात काही गेंडे वाहत भारताच्या हद्दीत पोहोचले होते आणि त्यांना परत न्यावे लागले. प्रवाशांना हत्तीजवळ जाण्याची हौस असते, ती पुरवण्याचा एक चांगला मार्ग आहे : हत्तीसारात कुची बांधताना पाहणे. माहूत मांडी घालून बसतो, मूठभर लांब गवत पायाखाली धरून त्याला पिळा देत वाटीसारखा आकार करतो, त्यात भाताचे दाणे आणि गुळाचा खडा टाकतो, वर मीठ, आणि गवताच्याच पात्याने तोंड आवळून ती पुडी बाजूला ठेवतो. एकेक हत्ती एका बैठकीला अशा कितीतरी पुड्या फस्त करतो. सोंडेच्या टोकाने ती उचलताना दाणाही सांडत नाही. पंधरा मिनिटे तिथे बसलेला प्रवासी हत्तीबद्दल जेवढे शिकतो तेवढे पाठीवर दोन तास हिंदकळून शिकत नाही. माहुताला यासाठी रीतसर मोबदला द्यावा, कारण फेऱ्या थांबल्या तर पहिला फटका त्याच्याच रोजगाराला बसणार आहे.

हत्तीची जागा कशाने भरून काढायची, हा आपला रास्त प्रश्न असेल. ताडोबात किंवा पेंचमध्ये पर्यटकाला गाडीतून खाली पाय ठेवता येत नाही. चितवनात परवानाधारक वाटाड्यांसोबत जंगलात पायी फिरता येते, आणि सह्याद्रीत रविवारी गड चढणारा मराठी माणूस यावर खूश होणार नाही असे मला वाटत नाही. गटासोबत किमान दोन वाटाडे असतात, एक पुढे आणि एक मागे, आणि त्यांच्या हातात बंदूक नसते, नुसती बांबूची काठी असते. होडीने राप्ती ओलांडून पलीकडे गेले की पहिली दहा मिनिटे सूचनांची असतात. गेंडा अंगावर आला तर सरळ रेषेत पळायचे नाही, नागमोडी पळायचे, जाड झाडाआड व्हायचे किंवा वर चढायचे, आणि काहीच जमले नाही तर अंगावरचे एखादे कापड किंवा पिशवी मागे टाकायची म्हणजे तो त्याचा वास घेत थांबतो. अस्वल दिसले तर उलट पळायचेच नाही. सगळ्यांनी एकत्र उभे राहून काठ्या आपटायच्या. ऐकताना मंडळी हसतात आणि त्यानंतरचे तीन तास कोणी मोठ्याने बोलत नाही. आपल्या गटांच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट आहे.

पायी चालताना गेंडा दिसण्याच्या आधी त्याचे शेण दिसते. गेंडे ठरलेल्या जागी येऊन शेण टाकतात आणि त्याचे गुडघाभर उंच ढीग साचतात. वाटाड्या काठीने ढीग उकरून दाखवतो : वरचे हिरवट, ताजे, त्यावर शेणकिडे, आणि खाली जुन्या थरात रुजलेली भेल्लर या झाडाची रोपे. भेल्लरची फळे गेंड्याला आवडतात, बिया त्याच्या पोटातून सुखरूप बाहेर पडतात आणि नदीकाठच्या उघड्या जागी, आयत्या खतात, त्यांना ऊन मिळते. पुढच्या वळणावर चिखलाच्या डबक्यात खुद्द जनावर बसलेले असते. कान तेवढे दोन वेगवेगळ्या दिशांना फिरत असतात, श्वास सोडल्याचा आवाज तीस-चाळीस पावलांवरून ऐकू येतो आणि कातडीच्या घड्यांमध्ये वाळलेला चिखल भेगाळलेला दिसतो. ज्येष्ठांना एवढे चालणे झेपणार नसेल तर पूर्ण दिवसाची जीप घ्यावी. ती साल वृक्षांच्या जंगलातून कसऱ्यापर्यंत जाते, वाटेत गवताळ पट्टे आणि तळी लागतात, आणि अर्ध्या दिवसाच्या फेरीत जी घाई असते ती तिच्यात नसते.

कसरा हे उद्यानाचे मुख्यालय, आणि तेथील सुसरींचे (घडियालांचे) प्रजनन केंद्र १९७८ पासून चालू आहे. नदीकाठच्या वाळूतली अंडी आणून ती उबवायची, पिल्ले काही वर्षे वाढवायची आणि नद्यांमध्ये सोडायची, असा हा उद्योग आहे. सकाळच्या होडीतून किनाऱ्यावर मगर आणि सुसर दोन्ही दिसतात. सुसरीचा लांब, निमुळता जबडा मासे धरण्यासाठी असतो आणि माणसाला तिच्यापासून भय नसते, एवढे सांगितले तरी होडीतला गोंधळ निम्म्याने कमी होईल. होडी काटेसावरीच्या एका अखंड खोडाची कोरलेली असते, पाण्यापासून काठ वीतभरच उंच. म्हणून वाकून फोटो काढण्याचा मोह आवरण्याची ताकीद मात्र अवश्य द्यावी.

पश्चिमेला नवलपरासीतल्या पिठौलीला गावकऱ्यांनी गिधाडांसाठी चालवलेली एक जागा आहे. सगळे तिला जटायू रेस्टॉरंट म्हणतात. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाचा अंश मृत जनावरातून पोटात गेल्याने गिधाडे मोठ्या संख्येने मेली. नेपाळने २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद केले आणि त्याच सुमारास पिठौलीकरांनी म्हाताऱ्या गायींना मरेपर्यंत सांभाळून त्यांचे कलेवर, औषधाचा अंश नसल्याची खात्री करून, गिधाडांसाठी ठेवण्याची रीत सुरू केली. यात्रेकरूंच्या गटाला ही जागा दाखवावी असे मला मनापासून वाटते. याच नारायणीला आपण गंडकी म्हणून ओळखतो, देवघरातला शाळिग्राम तिच्याच वरच्या खोऱ्यातला असतो, आणि वाल्मीकी आश्रम तर उद्यानाच्या हद्दीतच, बिहारच्या सीमेलगत आहे.

वाघाबद्दल प्रवाशांना आधीच स्पष्ट सांगावे. २०२२ च्या गणनेनुसार चितवनात १२८ वाघ आहेत, तरीही येथे वाघ दिसणे ताडोबाच्या तुलनेत फार दुर्मीळ आहे, कारण नदीकाठचे गवत हत्तीलाही झाकते. ताडोबाच्या उन्हाळी पाणवठ्यांची सवय झालेला माणूस येथे ‘फुकट गेली सफारी’ म्हणत परततो. त्याला गेंडा, अस्वल, सुसर, धनेश आणि पाचशेहून अधिक जातींचे पक्षी यांसाठी न्यावे. वाघ दिसला तर तो त्याचा योग.

हंगामाचा मुद्दा याच्याशी जोडलेला आहे. आपल्या सहली शाळांच्या सुट्ट्यांप्रमाणे दिवाळीत आणि मे महिन्यात निघतात. दिवाळीत हवा सुरेख असते, पण गवत सर्वांत उंच तेव्हाच असते, त्यामुळे त्या गटांना होडी आणि कसरा यांवर भर द्यावा. जानेवारीत काही ठरावीक दिवस गावकऱ्यांना शाकारणीचे गवत कापण्यास उद्यानात प्रवेश मिळतो, नंतर गवताळ पट्टे जाळले जातात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये कोवळे कोंब फुटले की हरणांचे कळप आणि गेंडे उघड्यावर दिसू लागतात. निवृत्त मंडळींच्या खास सहली तर सुट्ट्यांना बांधलेल्या नसतात. त्या या दोन महिन्यांत न्यायला काय हरकत आहे? मे महिन्यात तराईचे ऊन आपल्या विदर्भासारखे असते हे छापील माहितीत लिहावे, आणि जून ते सप्टेंबर चितवन सहलीतून सरळ वगळावे.

पावसाळा वगळण्यास रस्ता हे आणखी मोठे कारण आहे. १२ जुलै २०२४ रोजी नारायणघाट-मुग्लिंग रस्त्यावर सिमलतालजवळ दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. त्याच वर्षी २३ ऑगस्टला पोखऱ्याहून काठमांडूकडे जाणारी, जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस तनहुं जिल्ह्यात मर्स्याङ्दी नदीत कोसळली आणि वीसहून अधिक माणसे गेली. त्या अपघाताचा आपल्या वेळापत्रकांशी संबंध जोडण्याचा माझा हेतू नाही. परंतु चितवनला एकच रात्र ठेवली की लागोपाठ दोन दिवस डोंगरी रस्त्यावरचा मोठा प्रवास ओघानेच येतो, आणि दोन रात्री ठेवल्या की चालकाला मध्ये पूर्ण दिवसाची विश्रांती मिळते, एवढे तरी आपण लक्षात घ्यावे. ज्यांना परवडेल त्यांच्यासाठी काठमांडूहून भरतपूरला अर्ध्या तासाच्या आत पोहोचवणारे विमान आहे.

तेव्हा माझी मागणी अशी : चितवनला दोन रात्री द्याव्यात आणि मधला संपूर्ण दिवस उद्यानाच्या आत घालवावा. त्यासाठी पोखऱ्याची एक रात्र कमी करावी लागली तरी चालेल, काठमांडूतला खरेदीचा अर्धा दिवस गेला तर त्याहून उत्तम. हत्तीवरची फेरी कार्यक्रमातून आणि जाहिरातीतून काढावी. कोणती फेरी उद्यानात आहे आणि कोणती सामुदायिक वनात, हे माहितीपत्रकात शब्दशः लिहावे. वाटाडे सौराहातलेच घ्यावेत. त्यांतले बरेच जण उत्तम हिंदी बोलतात, त्यामुळे आपल्या लोकांना त्यांच्याशी बोलताना अडचण येत नाही. आणि आपले महाराज बरोबर असले तरी निदान एका रात्री त्यांना सुट्टी देऊन थारू घरातले जेवण द्यावे. तांदळाच्या पिठाची उकडलेली ढिकरी शाकाहारी माणसालाही चालते, आणि भाकरी-पिठले घरी गेल्यावर आहेच.

यामुळे सहलीचा दर वाढेल, तो किती वाढतो हेही उघड छापावे. येत्या फेब्रुवारी-मार्चच्या सहलींची माहितीपत्रके आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे तयार होत असतील. आपल्यापैकी ज्या संस्थेच्या पत्रकात चितवनचे असे दोन मुक्काम दिसतील, तिच्या पहिल्या गटात माझे आणि माझ्या धाकट्या बहिणीचे नाव धरावे. आगाऊ रक्कम भरायला आम्ही दोघी तयार आहोत.

कळावे,

आपली विश्वासू,
एक प्रवासी, पुणे